रोस्टर पाहून हुरळलात? आधी बीटा खेळून घ्या

बेंगळुरूच्या जे. पी. नगरात मराठी घरे काही कमी नाहीत. पहिल्या फेजपासून थेट नवव्या फेजपर्यंत कुठल्या ना कुठल्या अपार्टमेंटमध्ये दारावर मराठी पाटी दिसतेच. गणपतीच्या आरतीला, हळदीकुंकवाला किंवा नुसते लिफ्टमध्ये भेटले, तरी हल्ली या घरांतून तेच ते प्रश्न कानावर येतात. कॉलेजातली पोरे विचारतात, "काका, बीटाची की कुठे मिळेल?" त्यांचे आईवडील विचारतात, "पाच हजार आत्ताच भरायचे का? हा म्हणतो, नाहीतर कॅरेक्टर मिळणार नाही." आजोबांचा प्रश्न वेगळाच असतो: "पण ऑनलाइन गेमवर सरकारने बंदी घातली ना?"

तिन्ही पिढ्यांना एकत्र उत्तर देतो.

निमित्त आहे 'मार्व्हल टोकॉन: फायटिंग सोल्स' या गेमचे. योकोहामाच्या आर्क सिस्टिम वर्क्स कंपनीने तो बनवायला घेतल्याचे ४ जून २०२५ च्या प्लेस्टेशन 'स्टेट ऑफ प्ले' कार्यक्रमात जाहीर झाले आणि प्रकाशनासाठी २०२६ हे साल सांगितले गेले. पीएस ५ आणि पीसी हे त्याचे दोन प्लॅटफॉर्म. पात्रे अमेरिकी कॉमिक्समधली असली, तरी रेखाटन आणि हालचाल अस्सल ॲनिमेची आहे. 'गिल्टी गिअर' आणि 'ड्रॅगन बॉल फायटरझी' याच कंपनीचे, त्यामुळे ॲनिमे फायटरवाल्यांनी त्याला आपलाच मानला आहे. पुढे जे सांगतो ते उद्या येणाऱ्या अशा कुठल्याही गेमला चालेल.

माझे मत आधीच सांगून टाकतो. रोस्टरवर, म्हणजे पात्रांच्या यादीवर, उड्या मारायला पैसे पडत नाहीत, मनसोक्त मारा. पैसे मात्र बीटात, म्हणजे प्रकाशनाआधीच्या चाचणीत, स्वतःच्या घरच्या लाईनवर, स्वतःच्या हाताने खेळून पाहिल्यावरच मोजा.

पहिली गोष्ट: तुम्ही कोणती यादी वाचताय?

निम्मा गोंधळ इथेच आहे. 'रोस्टर आले' असे कुणी सांगितले की तीन वेगळ्या याद्यांपैकी एक त्याच्या हातात असते.

- जाहीर झालेली पात्रे. ट्रेलरमध्ये दिसली, कंपनीने नाव घेतले. ती गेममध्ये येणार एवढेच यावरून कळते.
- बीटातली पात्रे. ही यादी नेहमीच लहान असते. टोकॉनच्या सप्टेंबर २०२५ मधल्या पहिल्या बंद बीटात सहाच पात्रे होती: कॅप्टन अमेरिका, आयर्न मॅन, मिस मार्व्हल, स्टार-लॉर्ड, स्टॉर्म आणि डॉक्टर डूम. स्पायडर-मॅन जाहीर झाला होता, पण त्या बीटात खेळायला नव्हता.
- मूळ किमतीत मिळणारी पात्रे. पैसे देताना हीच यादी महत्त्वाची. पुढची पात्रे सीझन पासमध्ये येतात आणि पास बहुधा वेगळा विकत घ्यावा लागतो.

फरक किती पडतो ते पाहा. 'ड्रॅगन बॉल फायटरझी' जानेवारी २०१८ मध्ये २४ पात्रांनिशी आला आणि काही वर्षांत ४४ वर पोहोचला. 'गिल्टी गिअर स्ट्राइव्ह' १५ पात्रांवर सुरू झाला. 'टेकन ८' मध्ये पहिल्या दिवशी ३२ पात्रे होती, पण अनेकांचा लाडका एडी गोर्डो त्यांत नव्हता. तो एप्रिल २०२४ मध्ये, पैसे मोजून आला. तुमचे आवडते पात्र मूळ यादीत नसेल, तर गेमची खरी किंमत म्हणजे मूळ किंमत अधिक पास, हे डोक्यात पक्के धरा.

'लीक झालेली यादी' हा चौथा प्रकार. फायलींमध्ये सापडलेल्या नावांवरून बनवलेली यादी कधीकधी खरी निघते, हे कबूल. पण फायलीत नाव असणे आणि पात्र पूर्ण होऊन बाहेर येणे यांत बराच रस्ता असतो. चर्चेला ती यादी छान आहे, खरेदीला नाही. खात्रीची बातमी हवी तर ती कंपनीच्या स्वतःच्या घोषणेतून घ्या. 'स्टेट ऑफ प्ले', लास वेगसला होणारी एव्हो स्पर्धा, सप्टेंबरचा टोकियो गेम शो, डिसेंबरचे गेम ॲवॉर्ड्स अशा ठिकाणी नवी पात्रे उघड होतात. त्या एव्होमधला सोनीचा हिस्सा २०२५ मध्ये नॉडविन गेमिंग या भारतीय कंपनीने विकत घेतला. आपल्याकडे फायटिंग गेमला कोण विचारतो, असे म्हणणाऱ्यांना हे जरूर ऐकवा.

बीटाचे प्रकार आणि त्यांतले तुमच्या कामाचे

- बंद बीटा: नाव नोंदवायचे, निवड झाली तर खेळायचे. निवड न होणे हा अन्याय नव्हे. जागा मोजक्या असतात आणि कुणाला घ्यायचे ते कंपनी ठरवते.
- खुला बीटा: ज्याने डाउनलोड केला त्याने खेळावे. ग्राहकाच्या दृष्टीने हाच सर्वांत मोलाचा.
- प्री-ऑर्डरवाल्यांना आधी प्रवेश: हा विक्रीचा भाग आहे. एका दिवसाच्या आघाडीसाठी पूर्ण किंमत अडकवायची का, ते तुम्ही ठरवा. मी अडकवणार नाही.
- अर्ली ॲक्सेस: गेम अपुरा असला तरी चालू असतो. रायट गेम्स कंपनीचा '२एक्सकेओ' सप्टेंबर २०२५ मध्ये बंद बीटात आणि ७ ऑक्टोबरपासून पीसीवर अर्ली ॲक्सेसमध्ये आला. तो मोफत आहे, त्यामुळे तिथे प्रश्न पैशांचा उरत नाही. वेळेचा आणि संगणकाच्या ताकदीचा उरतो.

बीटा अडखळला म्हणून गेम टाकाऊ ठरत नाही. फायटरझीच्या खुल्या बीटात सर्व्हर कोलमडले होते आणि कंपनीला जादा वेळ द्यावा लागला. गेम पुढे वर्षानुवर्षे खेळला गेला. स्ट्राइव्हचा खुला बीटा फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला. खेळाडूंनी लॉबीबद्दल भरपूर कुरकुर केली आणि कंपनीने प्रकाशन ९ एप्रिलवरून ११ जूनला ढकलले. तुमच्या तक्रारीला बीटात वजन असते ते असे.

नाव नोंदवायच्या पायऱ्या

१. कंपनीच्या किंवा प्लॅटफॉर्मच्या अधिकृत पानावरूनच जा. टोकॉनचा पहिला बीटा फक्त पीएस ५ वर होता. अशा वेळी पीसीवाल्यांनी 'आमच्याकडे की (प्रवेशाचा कोड) आहे' असे सांगणाऱ्याकडे वळूनही पाहू नये.

२. देशांची यादी तपासा. काही चाचण्या मोजक्याच देशांत होतात. भारत नसेल तर परदेशी पत्ता टाकून खाते उघडण्याचा मोह होतो. टाळा. खात्याचा देश नंतर सहज बदलता येत नाही. मग आपले कार्ड त्या दुकानात चालत नाही आणि आपल्या दुकानातून घेतलेले पास त्या खात्यावरच्या गेमला लागू पडतीलच असे नसते.

३. जन्मतारीख खरी द्या. वयाची अट असेल तर ती पाळा. मुलांच्या खात्याबद्दल पुढे बोलू.

४. गोपनीयतेची अट वाचा. काही बंद चाचण्यांत खेळाचे चित्रण दाखवायला मनाई असते. उत्साहाच्या भरात क्लिप टाकली की खाते बंद होऊ शकते.

५. फाइल आधीच उतरवून ठेवा. शुक्रवारी संध्याकाळी अख्खी सोसायटी मालिका पाहत असते आणि नेमकी तेव्हाच तुमची फाइल रेंगाळते.

६. ऑनलाइन खेळायला पीएस प्लसचे सदस्यत्व लागेल का ते पाहा. पूर्ण किमतीच्या गेमला ते सहसा लागते, मोफत गेमला लागत नाही. बीटाचे नियम दर वेळी वेगळे असतात.

वेळेचे गणित

हे लिहून फ्रिजवर चिकटवा.

- अमेरिकेची पॅसिफिक वेळ, उन्हाळ्यात (मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत): साडेबारा तास मिळवा.
- तीच वेळ हिवाळ्यात: साडेतेरा तास मिळवा.
- जपानची वेळ: साडेतीन तास वजा करा.

पॅसिफिक वेळेचे दुपारचे २ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात मध्यरात्रीनंतरचे अडीच, आणि तारीख पुढची. टोकॉनची घोषणा अमेरिकेत ४ जूनला झाली तेव्हा इथे ५ जूनची पहाट व्हायची होती. 'आज बीटा सुरू होणार होता, झालाच नाही' ही तक्रार बहुतेक वेळा या पुढच्या तारखेपायीच असते.

कॅलेंडरही पाहा. पहिला बीटा ५ ते ७ सप्टेंबर २०२५ असा तीन दिवसांचा होता. ६ तारखेला अनंत चतुर्दशी आणि ७ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण. योकोहामाला कुणी कालनिर्णय पाठवत नसावे. असा योग पुन्हा आला तर घरात आधी बोलून ठेवा, म्हणजे विसर्जनाच्या वेळी कुणाच्या हातात पॅड राहणार नाही. पहाटे अडीचला फाइट स्टिकची बटणे बडवणार असाल, तर खालच्या मजल्याचाही विचार करा. टेबलाखाली जाड सतरंजी अंथरली की आवाज कमी होतो.

जे. पी. नगरची लाईन फायटिंग गेमला चालते का?

चालते, पण काही गोष्टी तपासाव्या लागतात. बीटाचा खरा उपयोग हाच. पात्रे कशी आहेत ते व्हिडिओतही दिसते. तुमच्या खोलीतून गेम कसा चालतो ते व्हिडिओत कुणीच दाखवू शकत नाही.

फायटिंग गेम सेकंदाला ६० फ्रेमवर चालतो. एक फ्रेम म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद. पिंग हा सिग्नलचा जाऊन-येऊन वेळ असतो. पिंग १०० असेल तर तुमचा ठोसा समोरच्याच्या पडद्यापर्यंत पोहोचायला ५० मिलिसेकंद, म्हणजे तीन फ्रेम लागतात. जुने गेम तेवढा वेळ सगळे थांबवून धरत. आजचे बरेचसे गेम रोलबॅक वापरतात: समोरचा काय करेल याचा अंदाज बांधून खेळ पुढे नेतात आणि अंदाज चुकला की क्षणात मागे येऊन दुरुस्त करतात. म्हणून थोडा पिंग सोसतो. पिंगची धरसोड मात्र सोसत नाही. कायम ७० असलेली लाईन ही ३० वरून १५० वर आणि परत खाली येणाऱ्या लाईनपेक्षा बरी.

अंतराचे गणित कुणाला चुकत नाही. बेंगळुरूहून मुंबई सरळ रेषेत सुमारे ८४० किलोमीटर, सिंगापूर तीन हजारांच्या वर, टोकियो साडेसहा हजारांच्याही पुढे. फायबरमधला प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे टोकियोच्या खेळाडूशी सामना लागला, तर लाईन कितीही महागडी असली तरी पिंग ६५ च्या खाली येणे शक्यच नाही, आणि वळणावळणाच्या केबलींमुळे प्रत्यक्षात तो शंभराच्या वर जातो. दोनशे एमबीपीएसचा प्लॅन पाचशेचा केला म्हणून यात काडीचा फरक पडत नाही. फायटिंग गेमला वेग फार थोडा लागतो, स्थिरता लागते. प्लॅन वाढवण्याआधी या गोष्टी करा:

- लॅन केबल लावा. वायफाय भिंतींतून येतो, आणि आपल्या टॉवरांत एकेका मजल्यावर दहा-बारा राउटर एकमेकांच्या सिग्नलवर ओरडत असतात. केबल शक्यच नसेल तर निदान ५ गिगाहर्ट्झचा बँड वापरा आणि राउटर त्याच खोलीत आणा.
- नॅटचा प्रकार पाहा. पीएस ५ च्या नेटवर्क चाचणीत तो १, २ किंवा ३ असा दिसतो. ३ असेल तर सामने जुळायला त्रास होतो, कारण या गेमांत दोन्ही खेळाडूंची यंत्रे अनेकदा थेट एकमेकांशी जोडली जातात.
- सीजीनॅट आहे का ते तपासा. अनेक ब्रॉडबँड कंपन्या बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी देतात. राउटरच्या पानावर दिसणारा वॅन आयपी आणि 'माझा आयपी काय' विचारल्यावर दिसणारा आयपी वेगळे असतील, किंवा पहिला १००.६४ ते १००.१२७ यांतला असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. कंपनीला फोन करून स्टॅटिक किंवा पब्लिक आयपी मागा. बहुतेकदा त्याचे वेगळे शुल्क असते. ते दरमहा की एकदाच, हे आधी विचारा.
- राउटरला छोटा यूपीएस द्या. बेस्कॉमची वीज दुरुस्तीसाठी जाते, पावसात फांदी पडून जाते. जनरेटर सुरू होईपर्यंतच्या वीस सेकंदांत राउटर बंद पडून पुन्हा चालू व्हायला पाच मिनिटे घेतो आणि तुमच्या नावावर 'सामना सोडून पळाला' अशी नोंद पडते. वीज गेल्याची तक्रार १९१२ वर करता येते.
- बीटात आकडे लिहून ठेवा. सकाळ, संध्याकाळ, रात्री उशिरा: किती वेळात सामना मिळाला, पिंग किती, प्रतिस्पर्धी कुठल्या देशाचे. मध्यरात्री दहा मिनिटे थांबूनही आसपासचा कुणी मिळत नसेल, तर त्या गेमची ऑनलाइन बाजू तुमच्यासाठी लंगडी आहे. हे पैसे देण्याआधी कळलेले बरे.

लाईन लंगडी निघाली म्हणून खचू नका. लाहोरच्या अर्सलान ॲशने २०१९ या एकाच वर्षी एव्हो जपान आणि लास वेगसची एव्हो, दोन्हीकडे टेकनचे विजेतेपद मिळवले. तो घडला तो गावातल्याच तगड्या खेळाडूंसमोर बसून. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत भारतातर्फे स्ट्रीट फायटर खेळायला अयान बिस्वास आणि मयंक प्रजापती गेले होते. बेंगळुरूत गेमिंग कॅफे भरपूर आहेत. शनिवारी चार जण एका सोफ्यावर जमलात तर पिंगचा प्रश्नच मिटतो.

तीन दिवसांचा बीटा कसा वापराल

पहिला तास सरावाच्या खोलीत घालवा, नाहीतर पुढचे दोन दिवस मार खाण्यात जातील. टोकॉनमध्ये चार पात्रांचा संघ असला तरी चौघांची जीवनरेषा एकच आहे आणि सामना पुढे सरकतो तसे साथीदार हाताशी येतात. चौघांचेही कॉम्बो पाठ करायची गरज नाही; एकच पात्र धरा. नवे महाग पॅड किंवा परदेशातून फाइट स्टिक मागवू नका. सीमाशुल्क भरून ती दारात येईपर्यंत बीटा संपलेला असतो. घरातला पॅड पुरतो.

पैसे केव्हा आणि कसे

ट्रेलर पाहून सर्वांत महाग आवृत्ती घेणे म्हणजे मोहोर पाहून हापूसच्या पेटीचे पूर्ण पैसे देणे. डिजिटल गेमचा साठा संपत नाही. प्री-ऑर्डरच्या बक्षिसात बहुधा एखादा रंग किंवा पोशाख असतो. 'नाहीतर कॅरेक्टर मिळणार नाही' हे जवळजवळ कधीच खरे नसते. ते पात्र पुढे वेगळे विकले जाते. मुलाला तो मजकूर तुमच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.

तरीही घ्यायचेच असेल, तर परतीचे नियम आधी समजून घ्या.

पीसीच्या स्टीम स्टोअरवर: खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. प्री-ऑर्डर प्रकाशनापूर्वी कधीही रद्द करता येते. खाच एकच: महाग आवृत्तीत 'तीन दिवस आधी खेळा' मिळत असेल, तर त्या तीन दिवसांतला खेळही दोन तासांत मोजला जातो. २०२४ पासून हा नियम आहे. ज्या गेमचा बीटा फक्त पीएस ५ वर झाला, त्याच्या पीसीवाल्या ग्राहकासाठी हे दोन तास हाच बीटा समजा. पहिला दीड तास कथा पाहण्यात घालवू नका, थेट ऑनलाइन सामने लावा.

प्लेस्टेशन स्टोअरवर: नियम कडक आहे. खरेदीपासून १४ दिवसांत, आणि डाउनलोड किंवा स्ट्रीमिंग सुरू केले नसेल तरच परतावा. प्रकाशनाला १४ दिवसांपेक्षा जास्त वेळ असताना प्री-ऑर्डर केली असेल तर प्रकाशनापर्यंत रद्द करता येते. एकदा 'डाउनलोड' दाबले की 'आवडला नाही' हे कारण चालत नाही. म्हणून पीएस ५ वाल्यांना खुला बीटा पीसीवाल्यांपेक्षा जास्त मोलाचा.

डिस्क घेत असाल तर: दुकान नॅशनल मार्केटातले असो की मॉलमधले, जीएसटीचे बिल घ्या. आगाऊ रक्कम दिली तर पावतीवर आवृत्तीचे नाव आणि परतीची अट लिहून घ्या. डिस्क पुढे विकता येते. डिजिटल गेम विकता येत नाही. ज्यांचा उत्साह दोन महिन्यांत ओसरतो, त्यांनी डिस्कच घ्यावी.

आणखी एक सापळा प्रकाशनानंतर उघडतो. 'टेकन ८' मधले पैशांनी पोशाख विकणारे दुकान गेम बाहेर आल्यानंतर महिन्याभराने आले, म्हणजे परीक्षणे छापून झाल्यावर. पहिल्या आठवड्यातल्या स्तुतीत अशा गोष्टी नसतात.

खाते मुलाचे असेल तर

पालकांनो, तुमचे खाते मुलाला देऊ नका. पीएस आणि स्टीम दोन्हीकडे कुटुंबाची सोय आहे: मुलाचे वेगळे खाते, खर्चावर नियंत्रण, खेळण्याचे तास, अनोळखींशी बोलणे बंद. पीएसवर खर्चाची मर्यादा शून्य ठेवा. पास घ्यायचा झाला तर त्या दिवशी तुम्हीच वाढवा. कार्ड कन्सोलवर साठवून ठेवण्यापेक्षा वॉलेटमध्ये लागेल तेवढीच रक्कम भरा.

दरमहा आपोआप कटणारे सदस्यत्व असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे जाण्याच्या २४ तास आधी सूचना यायला हवी. १५ हजारांपर्यंतच्या अशा रकमेला दर वेळी ओटीपी लागत नाही, म्हणून तो संदेश वाचा आणि नको असेल तर तिथेच थांबवा. मुलाने तुमच्या नकळत तुमच्याच कार्डाने खरेदी केली, तर बँक ती सहसा 'अनधिकृत' मानत नाही. आधी स्टोअरकडे परतावा मागा, आणि गेम डाउनलोड होण्याआधी मागा.

मुलांच्या माहितीबद्दलही लक्षात असू द्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संमतीची तरतूद त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायची आहे. तोवर राखण तुमचीच.

फसवणूक अशी येते

- 'बीटा की' विकणारा. बीटाची निवड फुकट असते. पैसे मागितले की विषय संपला.
- 'माझा गेम टेस्ट कर ना' म्हणणारा ऑनलाइन मित्र. त्याच्या फाइलमधून तुमचे पासवर्ड जातात.
- मोबाइलवरच्या एपीके. 'ड्रॅगन बॉल स्पार्किंग झीरो' ऑक्टोबर २०२४ मध्ये पीसी आणि कन्सोलवर आला, मोबाइलवर नाही. त्याच्या नावाने फिरणाऱ्या फायली जुन्या पीएसपी गेमचे रंगकाम केलेले अवतार तरी असतात किंवा त्याहून वाईट काही.
- क्यूआर स्कॅन करून 'लॉगिन करा' म्हणणारे पान. दुसऱ्याने पाठवलेल्या क्यूआरने खाते त्याच्या हाती जाते.

पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. तुमची चूक नसलेला व्यवहार बँकेच्या सूचनेनंतर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे.

गेमवर बंदी आहे का, आणि तक्रार कुठे?

आजोबा, हा भाग तुमच्यासाठी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. बंदी आहे ती पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर. त्याविरुद्धचे पहिले आव्हान आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयात दाखल झाले आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. नातू विकत घेऊन खेळतो तो फायटिंग गेम या बंदीत येत नाही. ई-स्पोर्टला कायद्याने वेगळी मान्यता दिली आहे, त्यात प्रवेशशुल्क आणि बक्षीस चालते. पण चार मित्रांनी सामन्यावर पाचशे-पाचशे लावले तर तो जुगारच. नातवाला ते बजावून ठेवा.

विकत घेतलेल्या गेमबद्दल तक्रार असेल तर या क्रमाने जा:

१. स्टोअरच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण व्हायला हवे. भारतीय ग्राहकाला विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही हे नियम लागू आहेत.

२. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

३. तरीही नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथेच तक्रार करता येते, म्हणजे बेंगळुरूतच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षे, आणि अर्ज ई-जागृतीवर घरबसल्या भरता येतो.

न मागता टोपलीत पडलेला पास, खोटे 'शेवटची दहा मिनिटे' घड्याळ, रद्द करण्याचे बटण लपवणे, या सगळ्याला २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत 'डार्क पॅटर्न' म्हणून मनाई आहे. असे दिसले की स्क्रीनशॉट घ्या, तक्रारीत तोच पुरावा लागतो.

आणि बीटा संपल्यावर आलेली प्रश्नावली भरा. 'लॅग होता' एवढेच लिहू नका. शहर, ब्रॉडबँड, केबल की वायफाय, किती वाजता, पिंग किती, सामना किती वेळात मिळाला, असे लिहा. तुम्ही टिपून ठेवलेले आकडे इथे उतरवायचे. मग बीटाची फाइल काढून टाका, पूर्ण गेमला ती उपयोगी पडत नाही आणि जागा मात्र अडवून बसते.